काळा पट्टा आणि हॉलची किल्ली

कराटेच्या क्लासात पहिल्याच आठवड्यात जपानी आकडे पाठ करून घेतात. इच, नी, सान इथवर सगळं सुरळीत चालतं. पुढे ‘शी, गो’ आलं की गोव्यातली मुलं फुटतात. चार आणि पाच मिळून ‘शी गो!’, म्हणजे ‘शी गं!’, होत असेल तर कोकणी कानाने करायचं तरी काय? मी दहा वर्षांची असताना अशीच हसले आणि वीस पुशअप्स काढले. शिक्षा सरांनी दिली नव्हती. सर दारात कुणाच्या तरी बाबांशी फीबद्दल बोलत होते. शिक्षा दिली रांगेच्या उजव्या टोकाला उभ्या असलेल्या ब्राऊन बेल्टवाल्या, म्हणजे काळ्या पट्ट्याच्या आधीच्या पायरीवरच्या, दादाने. तो तेव्हा अकरावीत होता.

डिचोली-सांखळी घ्या, फोंडा घ्या, पेडणे घ्या, संध्याकाळचे कराटे क्लास साधारण एकाच साच्यात चालतात. देवळाचा हॉल, शाळेचा हॉल, नाहीतर पंचायतीचा. आठवड्यातून तीन दिवस, तास-दीड तास. ब्लॅक बेल्ट सर एक, आणि त्यांचे आणखी दोन-तीन गावांत क्लास, शिवाय दिवसा कुठेतरी नोकरी. समोर तीस-पस्तीस मुलं, पहिलीपासून दहावीपर्यंतची. एकट्या माणसाला हे झेपणारं नाही. मग रांगा पाडतात. सर परीक्षेला बसणाऱ्यांचा काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, बघतात आणि पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची चिल्लीपिल्ली सिनियरच्या, म्हणजे वरच्या पट्ट्याच्या विद्यार्थ्याच्या, हवाली होतात. ज्यांना अजून आपला डावा पाय कुठला हे नीट ठाऊक नाही, अशी सगळ्यात लहान, सगळ्यात चंचल मुलं शिकवायची कोणी, तर ज्याने आयुष्यात कुणाला काही शिकवलेलं नाही त्याने.

पालक म्हणून आपण चौकशी करतो ती सरांची. सर किती डान (काळ्या पट्ट्यातले दर्जे), कुणाचे शिष्य, स्पर्धेत मुलं नेतात का. भिंतीवर फ्रेम केलेलं सर्टिफिकेट दिसलं की समाधान होतं. पण वर्षभर आपल्या मुलाच्या पायाला हात लावून तो सरळ कोण करतं, रडलं तर गप्प कोण बसवतं, त्याला पाणी प्यायला सोडायचं की नाही हे कोण ठरवतं? सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा नाहीतर मुलगी. त्यांचं नावसुद्धा आपल्याला माहीत नसतं. मला हा मुद्दा सार्वजनिक वाटतो, कारण हॉल सार्वजनिक आहे. आणि मला असंही वाटतं, की त्याचं उत्तर सरकारकडे मागण्याआधी हॉलची किल्ली ज्यांच्या कनवटीला आहे त्यांच्याकडे मागावं. त्यांत मीही आले, कारण आमच्या गावच्या देवस्थानाच्या हॉल समितीवर मी तीन वर्षं आहे.

आधी माझ्या पदरचं सांगते. मी सतरा वर्षांची, ब्राऊन बेल्ट. त्या दिवशी सर दुसऱ्या गावी परीक्षा घ्यायला गेले होते, क्लास माझ्यावर. पावसाचे दिवस, लादी ओलसर, पोरं वैतागलेली. स्ट्रेचिंगच्या वेळी नऊ वर्षांचा एक मुलगा पाय फाकवून खाली जाईना. माझ्या सिनियरने माझ्या खांद्यांवर हात ठेवून दाबलं होतं तसंच मी त्याला मागून दाबलं. कसला आवाज वगैरे झाला नाही. तो फक्त एकदम गप्प झाला. रडला असता तर मी हात काढला असता. पण आमच्याकडे रडणाऱ्याला पुशअप्स असत, आणि तो नियम त्याला मीच शिकवला होता. क्लास संपेपर्यंत तो भिंतीला टेकून बसला. दुसऱ्या दिवशी त्याची आई घरी आली. भांडायला आली असेल असं वाटून मी आतल्या खोलीत गेले, पण तिने मला बाहेर बोलावून एवढंच विचारलं, ‘बाये, तुका हें कोणें शिकयलें?’ मांडीमागचा स्नायू दुखावला होता, महिनाभर तो लंगडत होता. नंतर क्लासला आला नाही.

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिकवलं कुणीच नव्हतं. माझ्यावर झालं ते मी पुढे चालवलं. कराटेतलं बरंचसं ‘शिकवणं’ असंच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जातं. त्यात चांगलंही पुष्कळ जातं. चुकलेला काता शंभरदा करायची चिकाटी, आपल्याहून लहानाशी लढताना हात आवरणं, वेळेवर येणं, लादी पुसणं. पण मांडीवर दाबायचं, मुठीवर पुशअप्स काढायला लावायचे, स्टान्स सैल दिसला की पोटरीवर बांबू, हेही त्याच वाटेने येतं, आणि दोन्ही एकाच पोतडीतून येत असल्यामुळे वेगळं करायला कुणी बसत नाही. मुलांच्या हाडांना टोकाशी वाढीचा मऊ भाग असतो, तो पौगंडाच्या शेवटाकडे पक्का होतो. आठ वर्षांच्या मुलाने सिमेंटच्या लादीवर मुठी आपटून मनगट ‘घट्ट’ होत नाही. हे डॉक्टर सांगेल, शाळेचे पी.टी. मास्तरही सांगतील. पण त्या संध्याकाळी हॉलमध्ये दोघांपैकी कुणी नसतं.

यावर जाणकार म्हणतात, अहो, ही परंपरा आहे. जपानमध्ये सेम्पाईच, म्हणजे सिनियरच, धाकट्यांना शिकवतो. बरं, परंपराच बघू. दर्जे मोजायची ‘डान’ ही पद्धत गो नावाच्या बैठ्या खेळात होती, तिथून ती ज्युडोत आणली जिगोरो कानो यांनी. 1882 मध्ये त्यांनी कोदोकान ही ज्युडोची शाळा काढली, त्याच दशकात काळा पट्टा आला. रंगीबेरंगी पट्ट्यांची शिडी पुढे युरोपातल्या ज्युडो क्लबांत वाढली. हे कानो पेशाने कोण? टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुख, 20 हून अधिक वर्षं. शिक्षक घडवणं हाच त्यांचा दिवसभराचा धंदा. कराटे जपानच्या ओकिनावा बेटावरच्या शाळांत नेलं अन्को इतोसू यांनी, विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्यासाठी त्यांनी मुलांना झेपतील असे सोपे काता बसवले. आज आपली पोरं पिवळ्या पट्ट्यासाठी हेइआन शोदान घोकतात, ते त्यांतलंच. 1908 मध्ये त्यांनी कराटेविषयी दहा मुद्द्यांचं पत्र लिहिलं. त्यात त्यांची मागणी काय होती? आधी अध्यापक विद्यालयातल्या विद्यार्थ्यांना शिकवू द्या, ते शिक्षक होऊन बाहेर पडले की प्राथमिक शाळांतल्या मुलांना नीट शिकवतील. मुलांपर्यंत जायची वाट मास्तर तयार करण्यातून जाते, हे त्या म्हाताऱ्याला कळत होतं. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये कराटे टोकियोला नेलं, 1924 मध्ये कराटेतले पहिले डान दिले. तेही ओकिनावात तीसेक वर्षं शाळामास्तर होते.

म्हणजे कराटेला आजचं रूप देणारी तिन्ही माणसं वर्गातली होती. आपल्याकडे मात्र पट्टा आला आणि अध्यापक विद्यालय तिकडेच राहिलं. काळा पट्टा हा शिकणाऱ्याच्या प्रगतीचा दाखला. ‘शोदान’ म्हणजे पहिला डान, आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थच आरंभ. बाराखडी संपली, आता वाचायला लाग, इतकाच. बाराखडी संपवलेल्या माणसाला आपण बालवाडी चालवायला देत नाही. आणि इथे तर बऱ्याचदा बाराखडीही संपलेली नसते, ‘ळ’ आणि ‘क्ष’ राहिलेले असतात.

सिनियरांना बाजूला काढा असं मला मुळीच म्हणायचं नाही. दुसऱ्याला दाखवताना स्वतःची चूक कळते, तशी आरशात बघून कळत नाही. मला गेदान बराई, म्हणजे खालचा वार अडवायचा ब्लॉक, खऱ्या अर्थाने समजला तो सात वर्षांच्या एका मुलीला समजावताना. ती प्रत्येक वेळी विचारायची, ‘ताई, हा हात आधी कानाकडे का न्यायचा?’ आणि लहान मुलांना सरांपेक्षा सिनियर जवळचा वाटतो. सरांचं ‘सेन्सेई’ म्हणजे शब्दशः आधी जन्मलेला. सिनियर नुकताच पुढे गेलेला, हात लांब केला तर लागेल इतकाच पुढे. क्लास सुरू होताना आणि संपताना ‘मोकुसो!’ (डोळे मिटून शांत बसा) अशी आरोळी सरांची नसते, सगळ्यात वरिष्ठ विद्यार्थ्याची असते. मुलं डोळे मिटतात ती त्याच्या आवाजाने. हे नातं मोलाचं आहे. म्हणून तर त्याच्यावर किती भार टाकायचा याचा हिशोब हवा.

हा हिशोब आपल्याला नवा नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या भूमीतून आल्या तिथल्या लोकांना मी काय सांगणार! मैफिलीत गुरूच्या मागे तंबोऱ्यावर शिष्य बसतो. गुरूने खूण केली की एखादी जागा घेतो, सूर भरतो, गुरू दम घेईपर्यंत सांभाळतो. शिकायची याहून मोठी जागा नाही. पण गुरू उठून दुसऱ्या गावच्या मैफिलीला निघून गेलेत आणि इकडे शिष्य रात्रभर गातोय, असं होतं का? आणि झालं तर श्रोते कुणाला बोल लावतील? कराटेत नेमकं हेच होतं आणि आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

हे होतं त्याला कारणंही आहेत, आणि ती सरांच्या वाईटपणाची नाहीत. आपल्याकडे सिनियर टिकत नाहीत. बारावी झाली की मुलगा पणजीला नाहीतर मडगावला कॉलेजात, पुढे वेर्ण्याच्या फॅक्टरीत शिफ्टला, कुणी बोटीवर, कुणी पोर्तुगीज पासपोर्ट करून परदेशी. बावीस-तेवीस वर्षांचा, डोकं थाऱ्यावर आलेला ब्लॅक बेल्ट गावात उरतच नाही. त्याची जागा वीस वर्षांचा घेतो, तो गेला की सतरा वर्षांचा, तो गेला की दहावीतली पोरगी. फी इतकी बेताची, की सरांना पगारी मदतनीस परवडत नाही. सिनियरला काय मिळतं? फार तर फी माफ, गुरुपौर्णिमेला शाबासकी, आणि कधीकधी त्याच्या स्वतःच्या सरावाचा निम्मा वेळ खाऊन टाकल्याचं भान. मी तीन वर्षं शिकवलं. त्या काळात माझा स्वतःचा काता तिथल्या तिथे राहिला, हे परीक्षेला गेल्यावर कळलं.

दुसरा आक्षेप असतो मर्दुमकीचा. मार खाल्ल्याशिवाय कराटे येतं का? मी हा प्रश्न खूप ऐकला आहे, बहुतेकदा ज्यांनी कधी मार खाल्लेला नाही अशांकडून. सराईत लढवय्याला मार खाणं शिकावं लागतं, मान्य. पण स्पर्धेच्या कुमितेत, म्हणजे लढतीतसुद्धा, धाकट्या गटांत तोंडाकडे मारलेला ठोसा स्पर्शाआधी थांबवावा लागतो, नाहीतर मारणाऱ्यावरच दंड लागतो. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये जे कराटे जगाने पाहिलं तेही आवरलेल्या ठोशाचंच होतं. आवरणं हीच तर यातली मेहनत. मग सराव हॉलमध्ये ती का सुटते? कारण तिथे पंच नसतो, आणि सिनियरला कुणी पंचगिरी शिकवलेली नसते.

आता कायद्याचं बघू. आरटीई, म्हणजे शिक्षणाच्या हक्काचा कायदा 2009 चा, त्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मुलाला मारणं, मानसिक छळ करणं बंद केलं. गोव्याने तर मुलांसाठी स्वतःचा कायदा 2003 मध्येच केला, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा देशभरचा पॉक्सो कायदा यायला 2012 उजाडलं. याचा आम्हाला अभिमान वाटायला हरकत नाही. पण सकाळी ज्या हॉलमध्ये बाईंनी छडी हातात घेतली तर पालक मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये घुसतील, त्याच हॉलमध्ये संध्याकाळी बांबू पोटरीवर बसला तर तेच पालक दारात उभे राहून कौतुकाने व्हिडिओ काढतात. मूल तेच, लादी तीच. मध्ये फक्त ड्रेस बदलला. आणि एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. पॉक्सोच्या व्याख्येत अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल आहे. म्हणजे रांगेपुढे उभं राहून ‘इच, नी’ ओरडणारी ती दहावीतली मुलगीही मूलच आहे. तिच्यासमोर काही वावगं घडलं, एखाद्या लहान मुलीने कानात काही सांगितलं, तर तिने जायचं कुणाकडे? सरांकडे. आणि तक्रार सरांबद्दलचीच असेल तर? मोठ्या माणसाला अशी गोष्ट कळली तर ती पोलिसांना कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. पण हे त्या मुलीला, किंवा त्या मोठ्या माणसालाही, कुणी सांगितलंय?

इथे कुणीतरी म्हणेलच, मग सरकारने परवाना सुरू करावा. मोटारसायकल पायलटलासुद्धा आर.टी.ओ.चा परवाना लागतो, पिवळा-काळा रंग लागतो, तेव्हा कुठे तो आपल्याला म्हापशाच्या बाजारातून बस स्टँडवर सोडतो. फुटबॉलमध्ये कोचला लायसन्सच्या पायऱ्या चढत जावं लागतं. कराटेला का नाही? मलाही आधी हेच वाटायचं. पण देणार कोण? फुटबॉलला देशात एक महासंघ आहे. कराटेत शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू असे पंथ, प्रत्येक पंथात चार संघटना, राष्ट्रीय पातळीवर खरा महासंघ कोणता यावर भांडणं. प्रत्येकाकडे शिक्का आहे, प्रत्येकाकडे सोनेरी काठाचा कागद आहे. सरकारने उद्या ‘मान्यताप्राप्त सर्टिफिकेट’ मागितलं तर ती छापणाऱ्यांची दिवाळी होईल, आणि सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर वीस मुलांना पोटतिडकीने शिकवणारा माणूस क्लास बंद करून घरी बसेल. त्या क्लासात निम्म्या मुली असतात. अंधार पडल्यावर मुलींना घराबाहेर पडून घाम गाळायला मिळेल अशी दुसरी जागा त्या गावात असते का? मला तो क्लास बंद व्हायला नको आहे.

म्हणून हॉलची किल्ली. आमच्या हॉलच्या वापराचे नियम मी काढून बघितले. एक पानभर आहेत. मांसाहार आणि मद्यपान नाही. चपला बाहेर. खुर्च्या मोजून घ्याव्यात, मोजून द्याव्यात. जाताना पंखे बंद करावेत. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर नाही. भिंतीला खिळा ठोकल्यास अनामत जप्त. खिळ्यापर्यंतचा विचार आमच्या वाडवडिलांनी केला आहे. मुलांबद्दल एक ओळ नाही. ती असायला कुणाची परवानगी लागत नाही, नवा कायदा लागत नाही, आणि क्लासवाल्यांकडून कुठलंही सर्टिफिकेट मागावं लागत नाही.

मी समितीपुढे अर्धं पान ठेवलं. क्लास चालू असताना एकवीस वर्षांवरचा एक जबाबदार माणूस हॉलमध्ये हवा. सर नसतील तर पालकांपैकी कुणीही चालेल, कराटे न येणारा चालेल. अठराखालच्या सिनियरवर क्लास सोडून जायचं नाही, त्याने किंवा तिने मदत करावी, तीही तासाच्या अर्ध्यात. उरलेल्या अर्ध्यात त्यांचा स्वतःचा सराव. स्ट्रेचिंगला कुणी कुणाला दाबायचं नाही. शिक्षा म्हणून व्यायाम नाही आणि बांबू तर हॉलच्या आतच नाही. पाणी मागितलं की पाणी. दारावर एक फोन नंबर, जो सरांचा नसेल. आणि भाड्यात थोडी सूट देऊ, त्या बदल्यात सरांनी आणि दोघा मोठ्या सिनियरांनी प्रथमोपचाराचं शिक्षण घ्यावं. यातला शेवटचा मुद्दा मी मुद्दाम घातला. नुसत्या अटी घातल्या की माणूस दुखावतो. शिवाय सिनियरांवर कुणीतरी खर्च करतंय हे त्यांनाही एकदा दिसावं.

सरांना मी आधी भेटून सांगितलं. माझ्यापेक्षा वयाने लहान, सज्जन माणूस. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘ताई, बांबू मी कधीच बंद केलाय. पण मी नसतो तेव्हा काय होतं ते मला खरंच माहीत नाही.’ यापेक्षा प्रामाणिक उत्तर मला कुठल्या सर्टिफिकेटवर मिळालं नसतं. फोन नंबरच्या अटीवर मात्र ते नाराज झाले. आपल्यावर संशय घेतला असं त्यांना वाटलं. मी सांगितलं, की तो नंबर तुम्ही गेल्यावर जो कोणी येईल त्याच्यासाठीही आहे. पटलं असं वाटलं नाही.

समितीत चर्चा झाली, म्हणजे आम्ही पाऊण तास बोललो. एक काका म्हणाले, आमच्या काळी मास्तर उलट्या हातावर पट्टी मारायचे, आमचं काय बिघडलं? खजिनदारांना भाड्यातली सूट खटकली. एकवीस वर्षांवरचा माणूस आणायचा कुठून, पालक सोडून निघून जातात, हा प्रश्न सेक्रेटरींनी काढला, आणि तो खरा आहे. माझा मुलगा त्या क्लासात आहे, तरी मीसुद्धा त्याला सोडून बाजारात जाते. वंतिगा, म्हणजे देवळाची वर्गणी, काढायची तर घराघरांत नावं पडतात, मग आठवड्यातून एक संध्याकाळ पालकांची पाळी लावायला काय हरकत आहे असं मी म्हटलं. यावर दोघांनी मान हलवली, कोणत्या दिशेने ते नीट कळलं नाही. शेवटी विषय चवथीनंतर घेऊ असं ठरलं.

तोवर सोमवार, बुधवार, शुक्रवार किल्ली आमच्याच घरातून जाते, कारण आमचं घर हॉलच्या समोर. सव्वापाचला दारात बेल वाजते. घ्यायला येते ती दहावीतली मुलगी, ड्रेसवर ब्राऊन बेल्ट, खांद्याला शाळेची बॅग तशीच. सर सहापर्यंत येतील, म्हणते.